आपल्या मापाची सीट

रोजच्या वापरासाठी गाडी घेताना डोकं वापरावं म्हणतात. मी पाठ वापरली. निवृत्त माणसाचा तोच अवयव सारखा काही ना काही बोलत असतो.

जुन्या गाडीनं आमच्याच फाटकाचा खांब पाडला, तेव्हा ती मी चालवत होतो असं घरात बहुमतानं ठरलं. मुलगा म्हणाला, "बाबा, हवी ती गाडी घ्या. पण आणखी एक खांब पडला की मी ड्रायव्हर ठेवणार." बायकोला सकाळी पोहायला सोडायचं आणि परत आणायचं, एवढं एकच खातं माझ्याकडे उरलं होतं. तेही गेलं की मी घरात शोभेपुरता.

वापरलेल्या गाड्यांच्या दुकानात दोन गाड्या मनात भरल्या. एक लाल, स्पोर्टी, जमिनीला पोट टेकलेली. दुसरी करडी, ऐसपैस, आतून दिवाणखान्यासारखी.

लाल गाडीत मी आत छान गेलो. बाहेर काढायला बायको आणि सेल्समन, दोघं लागले.

"फिटली हौस?" बायकोनं विचारलं.

"रोज मला असं ओढलंस तर पोहायलाही जायला नको."

"आणि मला कोण ओढणार?"

लाल गाडीचा निकाल लागला.

करड्या गाडीत सेल्समननं दारावरचं एक बटण दाखवलं. "दाबा काका. लक्षात ठेवलेल्या मापावर सीट आपोआप येते."

दाबलं. सीट घरघरत सरकली, कमरेपाशी किंचित फुगली, आरसे वळले. जन्मभर माझेच कपडे शिवणाऱ्या शिंप्यानं बेतावी तशी बसली. पाठ बोलायची थांबली.

"हे माप कुणाचं?"

"आधीच्या मालकांचं असेल."

"कसे होते हो ते?"

"पाहिलं नाही, काका. सकाळी आलो तर गाडी दारात उभी होती." आधीच स्वच्छ असलेली काच तो पुसत राहिला. "अगदी सरळ लावलेली."

"बघा," बायको म्हणाली, "गाडी लावता येणाऱ्या माणसाची आहे. घेऊन टाका."

पहिले काही दिवस मजेत गेले. फाटकातून मी असा रिव्हर्स आलो की मुलगा चहाचा कप घेऊन बघायला उभा राहिला. "बाबा, मानलं!" मीही मानलं. मान न वळवता हे कसं जमलं, ते मात्र मलाही सांगता आलं नसतं.

मग स्टिअरिंग लांब वाटू लागलं. वयानं माणूस आटतो म्हणतात, म्हणून मी हातांना दोष दिला. सीट पुढे घेतली. दुसऱ्या दिवशी ती मागेच होती, आदल्या दिवसापेक्षा थोडी जास्त. बटण दाबणं मी सोडून दिलं. आता दार लावलं की ती स्वतःच सरकायची. सावकाश, अदबीनं; पाहुण्याला जागा करून द्यावी तशी.

मुलाला सांगावं? "सीट मागे जाते" म्हटलं की तो ऐकणार, "बाबांना पेडल सापडत नाही." संध्याकाळी दारात ड्रायव्हर.

मी गप्प बसलो. पाठ बाकी झकास होती.

काल सकाळी तलावाकडे निघालो. बायको शेजारी गुणगुणत होती. माझी बोटं स्टिअरिंगला जेमतेम टेकत होती. पाय पुरत नव्हते, म्हणून मी ते एकावर एक टाकून बसलो होतो.

वळण आलं. गाडी वळली.

"आजकाल किती छान चालवता हो!" बायको म्हणाली.

"सराव," मी म्हणालो.

पुढे सिग्नल लाल झाला. गाडीचा वेग हळूहळू कमी झाला.

मी खाली वाकून पाहिलं.

ब्रेकचं पेडल आत गेलेलं होतं. त्याच्या रबरावर अनवाणी पायाच्या पाच बोटांचे खळगे पडले होते.

हिरवा दिवा लागला तसे ते एकेक करून बुजले. अंगठ्याचा सगळ्यात शेवटी.