बाटली भरताना बोलायचं नाही

"अहो ताई, हवा मोजायचं केंद्र इकडंच ना?"

टेकडीच्या माथ्यावर ती वाऱ्याकडे तोंड करून उभी होती. दोन्ही हात डोक्याच्या वर, हातांत काचेची मोठी बाटली. ताईंनी उत्तर दिलं नाही. मानसुद्धा हलवली नाही.

"ताई… ऐकू येतं ना?"

तो थेट तिच्या पुढ्यात येऊन उभा राहिला. खांद्यावर अवजारांची पिशवी, चढ चढून लागलेली धाप. ती धाप वाऱ्याबरोबर सरळ बाटलीकडे चालली होती. तिने डोळे वटारले. त्याला वाटलं, बिचारी मुकी आहे. मग तो हातवारे करून विचारू लागला – केंद्र? कुठे? तिथे? – तेव्हा तिने बाटलीची तोटी बंद केली आणि कोंडलेला श्वास एकदम सोडला.

"गेली! अख्ख्या सकाळची मेहनत गेली! आता या बाटलीत हवा नाही, तुम्ही आहात."

"मी?" त्याने बाटलीकडे पाहिलं. "मावलो कसा?"

राग आला होता, पण त्याच्या आधी हसू आलं. तिथेच तिचं चुकलं म्हणा.

तिचं काम दिसायला सोपं होतं. आतली हवा ओढून काढलेली बाटली उंच धरायची, तोटी उघडायची, बाहेरची हवा फुसकन आत शिरते. मग ती बाटली दूरच्या प्रयोगशाळेत जाते आणि तिथे मोजतात, जगाला तापवणारा वायू हवेत किती वाढला ते. पण तोच वायू माणसाच्या श्वासात शंभरपट असतो. म्हणून भरताना श्वास रोखायचा. बोलायचं तर मुळीच नाही. आणि कुणी सोबत असलंच, तर त्याने पाठीमागे उभं राहायचं, म्हणजे त्याचा श्वास वारा पलीकडे घेऊन जातो.

तो केंद्रात नवं यंत्र बसवायला आला होता. यंत्र खरं बोलतंय की खोटं, हे तपासायला त्याने गॅसचे सिलिंडर आणले होते, म्हणून तिची आत्या त्याला सिलिंडरवाला म्हणू लागली. तेच नाव राहिलं.

खाली गावाला लागून विटांच्या भट्ट्या होत्या. तिकडून वारा आला की नमुना घेता येत नसे. वारा फिरेपर्यंत खडकावर बसून राहायचं. आधी ती एकटी बसायची. आता दोघं बसू लागले.

"आज पण धूर येऊ दे," तो हळूच म्हणायचा.

"लाज नाही वाटत? खाली लोक खोकतायत."

"मग थोडासाच येऊ दे. आपल्या दोघांपुरता."

ती धूळ मोजायच्या यंत्रातला गाळणीचा कागद बदलायची, तेव्हा तो तिच्या खांद्यावरून डोकवायचा. पांढरा घातलेला कागद राखेसारखा होऊन निघायचा. एकदा तिच्या गालाला त्यातली काजळी लागली. त्याने रुमाल काढला, हात पुढे केला… आणि मध्येच थांबून रुमाल तिच्या हातात दिला.

"तुझं तू पूस."

तेव्हा तिला तो सभ्यपणा वाटला. तो 'तू' म्हणाला, हेच तिच्या कानात दिवसभर राहिलं.

आत्याचं टेकडीच्या पायथ्याशी चहाचं दुकान होतं. आईमागे तिनेच पोरीला वाढवलं होतं, त्यामुळे तिच्यापासून काही लपत नसे.

"काय गं, सिलिंडरवाला काही बोलला का?"

"बोलतो की. दिवसभर बोलतो."

"ते नव्हे. जे बोलायचं ते बोलला का? कुंपणावर बसणाऱ्याची विजार फाटते, सांग त्याला. औषधाच्या दुकानवाल्यांचा निरोप पुन्हा आलाय. पोरगा चांगला आहे. मी त्यांना किती दिवस झुलवू?"

"त्याचं काम संपत आलंय, आत्या. जायच्या आधी विचारेल."

"आणि नाही विचारलं तर?"

"विचारेल."

शेवटच्या सकाळी आकाश धुतल्यासारखं होतं. वारा दरीकडून येत होता, गार आणि स्वच्छ. तिने बाटली घेतली. तो पाठीमागे येऊन उभा राहिला, तिने शिकवलं होतं तसाच. तिने खोल श्वास घेतला, रोखला, हात वर केले, तोटी उघडली.

"माझ्याशी लग्न करशील?" तो मागून म्हणाला.

बाटलीत हवा शिरत होती. डोळ्यांत पाणी आलं, ते वाऱ्याने कानांकडे पळवलं. बाटली फोडून टाकावीशी वाटली. पण हात हलला नाही. भरली. तिने तोटी बंद केली, बाटली पेटीत ठेवली आणि वळून, धापा टाकत, म्हणाली –

"हो."

त्याच्या तोंडावरचा रंग उतरला.

"अगं… मी…"

"हो म्हणाले मी. ऐकलंस ना?"

"ऐकलं." तो चपलेने खडा इकडून तिकडे करत राहिला. "मला समुद्रापलीकडच्या केंद्रावर पाठवतायत. कितीतरी वर्षांसाठी. मी होकार देऊन बसलोय."

"कधी?"

"झाले बरेच दिवस."

"मग आत्ता विचारलंस कशाला?"

"न विचारता गेलो असतो तर मनाला लागून राहिलं असतं."

"आणि विचारून गेलास, तर कुणाच्या मनाला लागणार?"



"मला वाटलं, तू उत्तर देणार नाहीस," तो पुटपुटला. "बाटली भरताना तू बोलत नाहीस."

"भरून झाल्यावर बोलते रे. माणूसच आहे मी."

मग तिला दिसलं, तो कुठे उभा राहिला होता ते. अगदी बरोबर पाठीमागे. प्रश्न विचारतानाही त्याने बाटली जपली होती. बाटलीत काही जाऊ नये, एवढी काळजी त्याला होती.

"ये मग तू," ती म्हणाली. "गाडी चुकेल."

"रागावलीस?"

"पिशवी विसरू नकोस."

तो उतरू लागला. वळणावर त्याने एकदा मागे पाहिलं. ती पेटीचा पट्टा आवळत होती. तिने आवळायचं थांबवलं नाही.

दुपारी ती दुकानात आली, तेव्हा आत्या भांडी विसळत होती.

"सिलिंडरवाला गेला म्हणे. विचारलं का त्याने?"

"विचारलं."

आत्याचा हात थांबला. "आणि तू?"

"हो म्हणाले."

"अगं बाई! मग तोंड असं का केलंस?"

"हो म्हणाले म्हणूनच."

आत्याने तिच्याकडे नीट पाहिलं. हात पुसले, शेगडी बंद केली, आणि बाकावर सरकून तिच्यासाठी जागा केली.