पिळणीचा जोर

गोंदियात तेव्हा कपडे धुण्याची मशीन एकच होती, आणि ती दुरुस्त करणारा माणूसही एकच. तो मी. माझं नाव दुधराम. बाजारात माझं मोटार भरायचं दुकान होतं. जळालेल्या मोटारीतली काळी तार उपसायची, नवी गुंडाळायची, वार्निश चढवून उन्हात सुकवायची. धानाच्या गिरण्यांच्या मोटारी, टॉकीजचे पंखे, रेल्वेवाल्यांच्या इस्त्र्या, जे येईल ते.

मशीन होती राईस मिलवाल्या केशोरावांच्या घरी. सत्तेचाळीस साली रेल्वेचा एक गोरा साहेब सामान विकून गेला, त्यातली. चार पायांवर उभं पांढरं इनॅमलचं पिंप, आत रवीसारखी घुसळण, आणि वर पिळणी, म्हणजे रबराचे दोन रूळ. रुळांच्या मधे कपड्याचं टोक धरलं की पलीकडून पिळलेला कपडा बाहेर यायचा.

सत्तावनच्या चैतात केशोरावांच्या पत्नीनं, सुलोचनाबाईंनी, मला बोलावणं पाठवलं. मोरीत मशीनपाशी त्या पाटावर बसल्या होत्या. कामवाली नंदाबाई दाराबाहेर उभी होती.

"पिळणी अडून राहिली," सुलोचनाबाई म्हणाल्या. "अर्ध्यावर येते अन् थांबते. जोर कमी पडून राहिला तिचा."

मी मशीन उघडली. पट्टा ठीक होता, दात्यांचं तेल स्वच्छ होतं. मोटार मात्र तापून वास मारत होती. मोटार दुकानात नेऊन नवी तार भरली आणि गुरुवारी सकाळी बसवायला गेलो. पिंपात आठ बादल्या पाणी ओतलं, चार कपडे टाकले. वीस मिनिटं मशीननं छान घुसळलं. मग मी खालची नळी बादलीत सोडली.

अकरा बादल्या पाणी निघालं.

मोजण्यात चूक झाली असेल म्हणून पुन्हा आठ भरल्या. पुन्हा अकरा. नंतरच्या तीन बादल्या हिरवट होत्या, हात घातला तर बर्फासारख्या गार. त्यांना गाळाचा आणि शिंगाड्याच्या वेलीचा वास होता. गोंदियाच्या नळाला तसा वास कधी नसतो.

मग पिळणी लावली. दोन धोतरं निघाली, एक चादर, एक पोलकं. रूळ रिकामे फिरायला हवे होते. ते फिरता फिरता जड झाले, मोटार कण्हली, आणि रुळांमधून आणखी एक कापड येऊ लागलं. मरून रंगाचं लुगडं. मी ते टाकलं नव्हतं.

नंदाबाई दारातून मागे सरकली. सुलोचनाबाईंनी लुगडं उचललं, निगुतीनं घडी केली आणि मांडीवर ठेवलं.

"वच्छलाचं हाये," त्या म्हणाल्या. "आमच्या सुनेचं."

"त्या कुठं आहेत?"

"माहेरी. चिचगडले."

मी हत्यारं गोळा केली. कोणीतरी पिंपाच्या तळाशी आधीच लुगडं कोंबलं असेल, अशी मनाची समजूत घातली. पण पिंप तर मीच पुसून कोरडं केलं होतं.

अंगणाच्या दाराशी नंदाबाईनं मला गाठलं. ती हळू आवाजात बोलत होती.

"तीन गुरुवार झाले, भाऊ. आंदी चोळी आली. मंग पायातलं जोडवं. बाई सगळं सुनेच्या पेटीत ठेवून राहिली. सून रुसून गेली त माघारी येतच नाही. दोनदा आनाले गेले होते, तिनं दार नाही उघडलं. बाई म्हनते, कपडे आले, आता सून बी येईन."

पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावणं आलं. मोटार पुन्हा तापली होती. मला आज सांगायला लाज वाटते, पण तेव्हा मी हट्टाला पेटलो होतो. माझ्या हातची मोटार दोनदा तापते म्हणजे काय? गिरणीच्या पंख्याची दुपटीच्या ताकदीची मोटार माझ्याकडे पडली होती. ती मी बसवली. बटण दाबलं तर रूळ असे फिरले की मशीनचे चारही पाय फरशीवर थरथरले.

सुलोचनाबाईंनी रुळांवर हात फिरवला. "हं," त्या म्हणाल्या. "आता नाही अडायची."

त्या बोलण्यानं माझी झोप गेली. बुधवारी दुकान बंद ठेवून मी देवरीची प्रवासी मोटार धरली आणि पुढं चिचगडपर्यंत बैलगाडीनं गेलो. वच्छलाचा बाप कवडू मोहफुलं वाळत घालत होता. केशोरावांकडचं काम करतो एवढंच मी त्याला सांगितलं. त्याचा चेहरा उतरला.

"आनाले आले का?"

"नाही. भेटायला आलो."

वच्छला घरामागच्या बोडीवर होती. बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं. चैतात पाणी आटून गुडघ्याएवढं उरलं होतं. कडेला शिंगाड्याचे वेल सुकत पडले होते. मला तो वास लगेच ओळखू आला.

ती वीस-बावीस वर्षांची, सावळी, हाडापेरानं मजबूत होती. कपडे हरवतात का, असं मी विचारलं तेव्हा दगडावर कपडे आपटता आपटताच बोलली.

"तुमाले कसं मालूम, माहे कपडे हारपते म्हनून?"

"कधी हरवतात?"

"गुरुवारी. दगडावर ठेवलेलं बुचकळाले गेली का हातातून सुटते. सुटत नाही, वढते. खालून कोनीतरी वढते. मांगच्या खेपेले मीच पडत होती." तिनं मनगट दाखवलं. मनगटावर आडवा सपाट लाल पट्टा होता. दोन बोटं रुंद, दोन्ही बाजूंनी सारखा. दोरीचा वळ गोल असतो. हा तसा नव्हता.

"उद्या बोडीवर येऊ नका," मी म्हणालो.

"काऊन?"

मी तिच्या मनगटाकडे बोट दाखवलं. ती हसली, मग गंभीर झाली. "तुमी तिकडचे आहा. बुढीले सांगा, जीव गेला तरी मी त्या घरी नाही येत. लेकरू पोटातच गेलं त मलेच पांढऱ्या पायाची म्हनली थे. दोन दिवस उपाशी ठेवली."

रात्री मी कवडूकडेच राहिलो. त्यालाही सांगून ठेवलं, पोरीला उद्या पाण्याजवळ जाऊ देऊ नका. त्यानं मान हलवली, पण माझ्याकडं बघितलं ते वेड्याकडं बघतात तसं. मी तिथंच थांबायला हवं होतं. पण मला मशीन थांबवता येत होती, म्हणून मी मशीनकडे निघालो. पहाटे गाडी जुंपली, देवरीला पहिली मोटार मिळाली. ती वाटेत पंक्चर झाली.

गोंदियात पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. स्टेशनरोडवरून मी धावतच गेलो.

नंदाबाई फाटकाबाहेर रस्त्यावर बसली होती. तिनं दोन्ही कान दाबून धरले होते.

मोरीतून मोटारीचा आवाज येत होता. एकसारखा, न अडता.

मी दार ढकललं.

फरशीवर घोट्याएवढं हिरवं पाणी होतं. रूळ फिरत होते. त्यांच्यात काहीच नव्हतं.

मी विजेची तार ओढून काढली. रूळ थांबले.

सुलोचनाबाई पाटावर बसल्या होत्या. नखशिखान्त भिजलेल्या. दमलेल्या.

"झालं," त्या म्हणाल्या. "मोटार चांगली हाये तुमची."

माजघरात बांगड्या वाजल्या.

दाराच्या फटीतून मला ती दिसली. पाठमोरी बसून केस पुसत होती. मरून लुगडं. मग तिनं वळून पाहिलं. वच्छलाच होती. काल ती माझ्याशी एवढं बोलली होती, पण आज डोळ्यांत ओळख नव्हती.

मी स्वतःला सांगितलं, रातोरात मन बदललं असेल, निघून आली असेल. पण चिचगडहून त्या पहाटे सुटलेली गाडी एकच होती, आणि तिच्यात मी एकटाच होतो.

सहाव्या दिवशी कवडू माझ्या दुकानात आला. त्याचं डोकं भादरलेलं होतं.

"गुरुवारी बोडीत सापडली," तो म्हणाला. "गुडघाभर पान्यात. संज्याकाळी मीच आग देली. तिच्या सासरी सांगाचं हाये. एकट्याले पाय उचलत नाही. चालता का संगं?"

मला त्याला सांगायचं होतं. रस्ताभर सांगायचं होतं. 

केशोरावांच्या ओसरीवर आम्ही बसलो. आतून वच्छला पाण्याचा लोटा घेऊन आली आणि कवडूपुढं उभी राहिली.

कवडू तिच्याकडं बघत राहिला.  मग त्यानं लोटा घेतला. तिची बोटं पांढरीफटक होती, फार वेळ पाण्यात राहिल्यावर होतात तशी सुरकुतलेली.

"पोरी," तो म्हणाला.

 तिच्या लुगड्याच्या काठातून फरशीवर थेंब पडत होते. बाहेर ऊन रणरणत होतं.

सुलोचनाबाई आतून फडकं घेऊन आल्या, खाली बसल्या आणि तिच्या पायांभोवतीचं पाणी टिपू लागल्या.

"बसा, व्याही," त्या मान वर न करता म्हणाल्या. "हे रोजचंच हाये."