रघूच्या पिकअपचा काटा

शेकोटीत अजून दोन लाकडं सरकव रे ढवळू, आणि त्या मोबाइलची बत्ती बंद कर. भुताची गोष्ट ऐकायची म्हणतोस आणि डोळे स्क्रीनवर! ही गोष्ट कुठं वाचलेली नाही. ज्याच्यावर बेतली, तो माझ्या शेजारी बसून जेवलेला माणूस आहे. पटली तर घ्या, नाही तर घरी जाऊन झोपा. पण मधे फाटे फोडू नका.

मोखाड्यात स्टँडच्या मागं कमलेशचं गॅरेज होतं. हात चांगला. पण त्याच्या पोटात एक कायमचं दुखणं होतं, त्याचं नाव रघु. दोघं एकाच उस्तादाकडं नाशकात शिकले. पुढं रघूनं एक जुनी पिकअप घेतली, मोगरा आणि भाजी वाहायला लागला, पाना हातातला सोडला. तरी कुणाची गाडी आवाज करायला लागली की लोक म्हणायचे, आधी रघूला ऐकव. रघु बॉनेटला कान लावायचा आणि सांगायचा, अमुक बेअरिंग गेलंय. निघायचंही तेच. कमलेश नुसता जळायचा. त्यात ज्या नीतावर कमलेशचा डोळा होता, तिनं लग्न केलं रघूशी.

मग रघु काविळीनं गेला. कमलेश रडला, खोटं कशाला बोलू. पण बाराव्याचं जेवण झालं त्या दिवशी मला हळूच म्हणाला, "काका, आता तरी माझा नंबर लागंल." मी त्याला तिथंच शिव्या घातल्या.

तीन वर्षं तो थांबला. नीताची पिकअप फुकट दुरुस्त करायचा, घरावर कौलं चढवून द्यायचा. ती त्याला 'कमलेशदादा' म्हणायची, आणि तो 'दादा' त्याला काट्यासारखा टोचायचा. शेवटी एक दिवस तिनं दादा म्हणायचं सोडलं. नुसतंच "ऐकता का?" म्हणाली. त्या दिवशी यानं अख्ख्या स्टँडला चहा पाजला.

आता रात्र नीट ध्यानात घ्या. तेवीस सालचा बारा डिसेंबर, मंगळवार, कार्तिकातली अवस. नीताचा भाऊ तुषार फौजेत, राहायला जव्हारला. त्याची सुट्टी संपलेली, पहाटे पाचच्या एसटीनं निघणार. नीता म्हणाली होती, "माझ्या भावाशी बोला. तो हो म्हणला तर माझं पण हो." मी कमलेशला म्हटलं, अरे अवसेला कुणी सोयरिकीचं बोलतं का? तर मला म्हणतो, "काका, गाडीला तिथी कळत नाय."

त्याची स्वतःची बाईक होती. पण त्याला जायचं होतं रघूच्या पिकअपमधून, रघूच्या सीटवर बसून, रघूची बायको शेजारी घेऊन. मत्सर असाच असतो. नुसती वस्तू मिळून भागत नाही, जागासुद्धा लागते.

पावणेनऊला निघाले. थंडी मरणाची. पाचसहा किलोमीटर गेल्यावर चढ लागला आणि इंजिन किती तापलंय ते दाखवणारा मीटरमधला काटा वर सरकायला लागला. बघता बघता लाल पट्टीत. बॉनेटमधून वाफ.

कमलेशला उलट आनंदच झाला. नीतासमोर करामत दाखवायची संधी! गाडी बाजूला घेतली, इंजिन निवू दिलं, फडकं धरून रेडिएटरचं झाकण उघडलं. पाणी काठोकाठ. पंख्याचा पट्टा ताठ. वरचा पाइप, खालचा पाइप, दोन्ही गरम, म्हणजे पाणी फिरतंय. जाळीत कचरा नाही. ऑइलची पट्टी काढून बघितली, ऑइलात पाणी उतरलेलं नाही.

"काय झालंय?" नीतानं विचारलं.

"काय नाय झालेलं," तो म्हणाला. आणि तेच तर वाईट होतं.

परत निघाले. परत काटा वर. मग त्यानं उस्तादाची शिकवण काढली: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं होतं तसं ठेवायचं. त्याला वाटलं, वजन जास्त होतंय. "तू जरा उतर, चढ चालत ये." ती उतरली. काटा खाली आला.

मग त्यानं रस्त्याकडंचे दोन धोंडे तिच्या सीटवर ठेवले. तिच्याएवढं वजन. चढ चढला. काटा खालीच.

धोंडे काढले, नीता बसली. काटा वर.

तिला मागं हौद्यात बसवलं. काटा खाली.

हसू नकोस रे सुकऱ्या. तू त्या जागी असतास तर कळलं असतं.

शेवटी नीताच म्हणाली, "मला चालवून बघू द्या." रघूनं तिला शिकवलेलं होतं. ती चालवायला, हा शेजारी. काटा लाल पट्टीत. हा उतरला, ती एकटीच पुढच्या वळणापर्यंत जाऊन परत आली.

काटा खालीच, जागचा हलला नव्हता.

झालं. निदान झालं. सगळे पार्ट तपासून झाले होते, राहिला होता तो, तिच्या शेजारी बसणारा. बिघाड तोच होता.

त्यानं खिडकीतून आत बघितलं. नीतानं डॅशबोर्डवर हात ठेवला होता. ती हसत होती. तीन वर्षांत कमलेशनं किती धडपड केली होती तिला हसवायला. आणि ती त्या काट्याकडं बघून हळूच म्हणाली, "अहो… तुम्ही हायसा व्हय?"

तो आवाज कमलेशनं तिच्या तोंडून कधी ऐकलेला नव्हता.

मग ती त्याच्याकडं वळली. "तुम्ही नका बसू, दादा. मी जाते एकटी."

दादा.

सुंभ जळालं तरी पीळ जात नाही म्हणतात ना? रघु मेला, राख झाली, तरी बायको सोडत नाही. असं कमलेशला वाटलं. पण खरा पीळ कुणाचा होता ते मी सांगायला नको. तो म्हणाला, "थांब, एकदा शेवटचं बघून घेतो." बॉनेटआड वाकला. रेडिएटरच्या खाली पाणी काढायचा एक छोटा नळ असतो.

तो त्यानं उघडून ठेवला.

दोन किलोमीटर जाईल, पाणी संपेल, इंजिन जाम होईल. रघूची गाडी कायमची भंगारात. नीता अंधारात एकटी पडेल, आणि मग हाक मारेल ती मलाच. एवढं सगळं त्यानं एका क्षणात ठरवलं. अमावास्येच्या रात्री, ज्या बाईवर जीव आहे तिच्या बाबतीत. त्यानंच पुढं मला सांगितलं, मान खाली घालून.

गाडी गेली. हा टॉर्च लावून मागं चालत निघाला.

रस्त्यावर पाण्याची बारीक रेघ होती. तिच्या मागं मागं गेला. नदीच्या पुलावर रेघ संपली. म्हणजे रेडिएटरची टाकी रिकामी. आता पुढच्या वळणावर गाडी दिसणार.

दिसली नाही.

त्याच्या पुढच्या वळणावर…

नाही.

मोबाइलला रेंज नाही. कुत्रं भुंकत नाही. आणि तेव्हा त्याला जाणवलं, आपल्याला घाम आलाय. फक्त डाव्या अंगाला. उजवा कान थंडीनं बधिर, आणि डावा गाल भाजतोय. तापल्या इंजिनाजवळ उभं राहिल्यावर लागते ना धग, तशी.

डावीकडं टॉर्च मारला. कुणी नाही. करवंदीची जाळी.

तो भरभर चालला. धगही भरभर.

थांबला. तीही थांबली.

पाऊल नाही. श्वास नाही. नुसती धग. खांद्याला खांदा लावून.

"रघु…" तो म्हणाला.

काही नाही.

"रघु, चुकलो…"

काही नाही. पण धग बाजूला झाली नाही. जव्हारपर्यंत. पंधरासोळा किलोमीटर. तसंच.

चारच्या सुमाराला तो तुषारच्या दारात पोचला. पिकअप अंगणात उभी. नीता चुलीपाशी. "अहो, चालत आलात? मी तर कधीच पोचले. वाटेत काय पण त्रास नाय." तुषार गणवेशात, बॅग भरून तयार. म्हणाला, "बोला दादा, काय बोलायचं होतं?"

कमलेश अंगणातल्या पिकअपकडं बघायला लागला. तीन वर्षं ज्यासाठी घालवली, ते समोर होतं, विचारत होतं. तो म्हणाला, "काय नाय. गाडी बघायला आलो."

बॉनेट उघडलं. झाकण काढलं. टाकी कोरडी ठणठणीत. आत टॉर्च मारला तर तळ दिसला. खालचा नळ त्यानं सोडला होता तसाच, उघडा. पाण्याच्या थेंबाशिवाय इंजिन पंधरा किलोमीटर घाट चढलं होतं, आणि कुठं वास नाही, तडा नाही. अरे, मी चाळीस वर्षं एसटी चालवली. असं होत नाही. होऊच शकत नाही.

नीतानं इंजिनावर हात ठेवला. "गार हाय की. माठावानी."

कमलेशनंही तळहात टेकवला. खरंच गार होतं.

आणि तो किंचाळला.

मी त्याला दुसऱ्या दिवशी दवाखान्यात बघितलं. हाताला पट्टी होती. डॉक्टर विचारत होते, हात इंजिनाला लागला ना? मग तळहात कसा काय साफ? तळहातावर साधा लाल डागसुद्धा नव्हता. फोड आले होते हाताच्या पाठीवर. चार, ओळीनं, बोटांएवढे लांबट. आणि पाचवा अंगठ्याच्या बाजूला.