कपाटाचं दार

भाऊजींना या व्यवहारात मिळायची होती एक खुर्ची. सोसायटी, वाचनालय, क्रीडा मंडळ अशा गावातल्या बाकीच्या खुर्च्यांवर ते बसून झाले होते. राहिली होती आपत्ती संग्रहालयाच्या अध्यक्षाची. नियम एकच आडवा येत होता. अध्यक्ष साठ वर्षांपूर्वीच्या समुद्राच्या लाटेत घर गमावलेल्या कुटुंबातलाच हवा. भाऊजींच्या आजोबांचं घर टेकडीवर. लाट आली तेव्हा त्यांच्याकडे वाटीसुद्धा भिजली नव्हती.

म्हणून भाऊजींनी आत्ता भिजवली. ताईच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाचं एक दार काढलं आणि लाटेतून वाचलेलं म्हणून संग्रहालयाला द्यायला गच्चीवरच्या टाकीत, मिठाच्या पाण्यात महिनाभर बुडवून ठेवलं. दाराच्या आतल्या बाजूला ताई लेकीची उंची मांडायची. पेन्सिलीची रेघ, आणि शेजारी नावाऐवजी चिमणी, कारण घरात भाचीला हाक तीच. ताईचं चित्रकलेशी जन्माचं वैर. तिच्या चिमणीला दोन्ही डोळे एकाच गालावर.

"रेघा बघून लोक रडतील," भाऊजी म्हणाले.

"मी रडतेय ते दिसत नाही?" ताई म्हणाली. "महिनाभर कपाट उघडं आहे. डब्यांवरून झुरळं फिरतायत."

मी विमा कंपनीत नुकसानीची पाहणी करतो. खरं भिजलेलं आणि खोटं भिजलेलं मला वासावरून कळतं. म्हणून भाऊजींनी मला तज्ज्ञ म्हणून बरोबर नेलं, तोंड बंद ठेवण्याच्या अटीवर.

संग्रहालय बंदराजवळच्या जुन्या बर्फाच्या कारखान्यात आहे. पहिल्या खोलीत भूकंपासारखी हलणारी फळी, तिच्यावर 'नादुरुस्त' अशी पाटी. दुसरीत वादळाचा भोंगा. त्याचा दांडा बांधून ठेवलेला, कारण येणारा प्रत्येक जण फिरवून बघतो. तिसरी खोली लाटेची. भिंतीवर डोक्यापेक्षा बराच उंच निळा पट्टा, पाणी आलं होतं तिथवर.

देखरेखीच्या बाईंनी आमच्या दारावरची चादर सोडली. दार पाहिलं, आणि चटकन मागे वळून भिंतीकडे पाहिलं. एखादी वस्तू जागेवर आहे ना, याची खात्री करावी तसं.

होती जागेवर. तिथे दार टांगलेलं होतं.

तीच गाठ लाकडात. तीच बिजागरी, आणि तिच्यात मागच्या वर्षी मी वाकडा बसवलेला पितळी स्क्रू, आता हिरवा पडलेला. रेघा. चिमण्या. दोन्ही डोळे एकाच गालावर.

"हे कुठून आलं?" मी अट मोडली.

"लाटेनंतर वाळूत सापडलं म्हणतात. मी कामाला लागले तेव्हापासून इथंच आहे," बाई म्हणाल्या. मग त्यांनी आमच्या दाराला हात लावला आणि लगेच काढून घेतला. "तुमचं?"

मी वास घेतला. आमच्या दाराला टाकीचा आणि मिठाचा वास होता. भिंतीवरच्याला समुद्राच्या तळाचा.

भाऊजी तेवढ्यात सावरले. "जोडी सापडली म्हणायची! कपाटाला दारं दोन असतात की नाही, मेहुणे?"

जोडीच्या दारांच्या बिजागऱ्या समोरासमोर असतात. या दोन्हींच्या एकाच बाजूला होत्या. अध्यक्ष निवडणाऱ्या समितीला ते दिसलं नाही.

मला आणखी एक दिसलं. आमच्या दारावरची शेवटची रेघ भाचीच्या गेल्या वाढदिवसाची; भिंतीवरच्या दाराला तिच्या वर आणखी दोन रेघा होत्या. खालची जाड, काळी, चिमणीशिवाय. वरची तिरकी, नखाने ओरबाडल्यासारखी.

तिच्या वर लाकूड कोरं होतं.

ताईला सांगितलं. "नुकसान मोजून मोजून तुझं डोकं फिरलंय," ती म्हणाली. पण लेकीची उंची मांडणं तिने त्या दिवसापासून सोडलं.

संग्रहालयाच्या वर्धापनदिनी नवे अध्यक्ष लेकीला घेऊन आले. दोन्ही दारं शेजारी शेजारी, एका पातळीत उभी केली होती. फोटोग्राफरला काहीतरी हलकंफुलकं हवं होतं. भाऊजींनी चिमणीला आमच्या दाराला टेकवून उभं केलं आणि खिशातून मार्कर काढला. जाड, काळा.

"अहो, नको," ताई म्हणाली.

"फोटोपुरतं गं!"

मी खाली वाकून भाचीच्या कानात म्हणालो, "गुडघे थोडे वाकव."

"किती, मामा?"

"तुला वाटेल तेवढे."

तिने वाकवले. फ्रॉकखाली कुणाला कळलं नाही. भाऊजींनी रेघ ओढली.

शेजारच्या दारावरच्या काळ्या रेघेला ती अगदी सरळ जाऊन मिळाली.

चिमणी ताठ उभी राहिली असती, तर रेघ चुकली असती.

जमाखर्च असा. भाऊजींना खुर्ची मिळाली. संग्रहालयाला जोडी. ताईच्या कपाटाला नवं दार बसलं, झुरळं गेली. चिमणीचे फ्रॉक यंदा भराभर तोकडे होतायत. तिला समुद्रावर कुणी नेत नाही. तरी तिची नखं कापताना ताईला त्यांच्यात ओली वाळू सापडते.