दोरवाल्यांच्या बोळातलं दार

मठाचं दार साडेअकराला उघडतं. मिनिटभर आधी नाही. एस्टोनियातल्या तालिन शहरातल्या प्रत्येक गाइडला हे पाठ असतं, तरी उर्वे काल्लास्ते रोज अकरा वीसलाच आपली मंडळी घेऊन मठालगतच्या दोरवाल्यांच्या बोळात येऊन ठेपायची, कारण बंदरावरून सुटणाऱ्या बसच्या वेळा काही तिच्या हातात नव्हत्या. दहा मिनिटं म्हणजे ऐकायला काहीच नाही. पण बोटीवरून उतरलेले बावीस जण थंडीत पाय आपटत उभे असले, की ती दहा मिनिटं खायला उठतात.

बोळात बघण्यासारखं काही नव्हतंच. चुनखडीची भिंत, एक गंजका पन्हळ, आणि छातीएवढ्या उंचीचं, विटांनी बुजवलेलं एक दार. त्यातली एक वीट कधीकाळी निखळून पडलेली.

एप्रिलमधल्या एका मंगळवारी वारा अंगाला झोंबत होता. लोक घड्याळं बघायला लागले, एकाने तर तोंडावर जांभई दिली. आणि उर्वेने अठरा वर्षांत जे कधी केलं नव्हतं ते केलं. परीक्षा देऊन मिळवलेला गाइडचा पितळी बिल्ला छातीवर मिरवत तिने सरळ थाप मारली.

"हे दार बघा. प्लेगच्या वर्षी इथे एक दोर वळणारा राहायचा. एकुलती एक पोर, धडधाकट. शेजारीपाजारी पटापट मरायला लागले, तेव्हा बापाने तिला आत बसवलं आणि स्वतःच्या हाताने दार चिणलं. एक वीट तेवढी सोडली, पाव द्यायला. बजावून सांगितलं, मी हाक मारली तरच उठायचं. दुसरं कुणी बोलावलं, अगदी रडून बोलावलं, तरी हलायचं नाही. पाचव्या दिवशी बाप गेला. साथ सरली, लोक येऊन हाका मारत राहिले, 'ये बाहेर, संपलं सगळं.' पोर शहाणी. ती काही उठली नाही."

घड्याळांकडे आता कुणी बघेना. उर्वेला चेव चढला. "म्हणून इथून जाणारा प्रत्येक जण आजही तीनदा दार वाजवतो, आणि फटीत पावाचा तुकडा ठेवतो."

"नाव काय होतं मुलीचं?" पुढच्या रांगेतल्या एका बाईने डोळे पुसत विचारलं.

तोंडात आलं ते पहिलं नाव उर्वेने सांगून टाकलं. "त्रीनू."

त्रीनू तिचीच मुलगी. अकरा वर्षांची. दुसरं नाव सुचलंच नाही, आणि त्यात काय एवढं, असं तिला तेव्हा वाटलं. बावीसच्या बावीस जणांनी ओळीने दार वाजवलं. कुणीतरी हॉटेलातून आणलेला काळा पाव काढला.

जूनपर्यंत ती गोष्ट गावभर झाली. राइवो जर्मन पाहुण्यांना फिरवायचा. तो भेटला की हसायचा. "काय गं, इतकी वर्षं ही गोष्ट कुठे दडवून ठेवली होतीस? माझी माणसं त्या दारापासून हलायला तयार नाहीत!"

"मी रचली रे ती, राइवो."

"हो, आणि मी इथला बिशप!"

उर्वे आणि त्रीनू कालामाया वस्तीत एका लाकडी घराच्या दुसऱ्या मजल्यावर राहायच्या, दोघीच. त्रीनूचा बाप ती तीन वर्षांची असताना मासेमारीला गेला तो परत आला नाही. सुट्टी लागली तशी पोर दिवसभर घरी एकटी असायची. एकदा जेवताना म्हणाली, "आई, सकाळी दार कोण वाजवतं गं? साडेअकराच्या आधी. तीनदा वाजवतात, मग परत तीनदा. उघडलं तर कुणीच नसतं."

"पोस्टमन असेल."

"अगं, बाहेरचं दार नाही. माझ्या खोलीचं."

उर्वेचा घास हातातच राहिला. जुनं लाकूड आहे, उन्हाने तडकतं, असं काहीतरी ती बोलली. दुसऱ्या दिवशी मात्र तिने बोळात गोष्ट सांगितली नाही. "ही नुसती भिंत," म्हणाली आणि पन्हळाकडे बोट दाखवलं. मागून एक गृहस्थ शहराची छापील पुस्तिका उघडून पुढे आले. "बाई, विसरलात वाटतं. त्रीनूचं दार हेच ना?" आणि लोकांनी आपापली रांग लावली.

जुलैमध्ये त्रीनूने समुद्रावर जायचं सोडलं. खिडकीचा पडदा ओढून बसायची. चॉकलेटमध्ये बुडवलेली चक्क्याची वडी म्हणजे तिचा जीव की प्राण, पण त्या वड्या फ्रीजमध्ये तशाच पडून राहिल्या. काळा पाव तेवढा मागायची, तोही कोरडा. डॉक्टर म्हणाले, वाढीचं वय आहे. उर्वे तिचे केस धुवायला बसली की पाणी पांढरं यायचं. तीन तीन वेळा धुतलं तरी पांढरंच. चुन्याचा वास घरातून जाता जाईना.

तिने नाव बदलून पाहिलं, मार्गरेटा सांगितलं. लोक हसले आणि त्यांनीच तिला दुरुस्त केलं. शेवटी एका सकाळी तिने गोष्टच फिरवली. "शेवटी ती बाहेर आली बरं का! हाक ऐकून आली, लग्न झालं, म्हातारी होऊन मेली."

बोळातल्या एका घराची वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली. तिथे साल्मे आजी राहायची, त्या बोळात जन्मलेली, नव्वदीची.

"असं खोटं सांगू नये, बाई," आजी वरूनच म्हणाली. "माझी आजी रोज पाव ठेवायची इथे. ती बाहेर आली असती तर पाव घेतला असता कुणी?"

"अहो आजी, एप्रिलमध्ये मी स्वतः रचली ती गोष्ट! माझ्या मनची!"

आजी खिडकीतून आणखी खाली वाकली. "आणि आईचं तू कधी सांगतच नाहीस ते."

"त्या गोष्टीत आई नाहीच."

"आहे की," आजी म्हणाली आणि तिने खिडकी लावून घेतली.

ऑगस्टमध्ये एके दिवशी तीन मोठ्या बोटी एकदम लागल्या. बस नेहमीपेक्षा लवकर सुटल्या, आणि बोळात मुंगीला शिरायला जागा नव्हती. गाइडमागून गाइड, रांगेमागून रांग. उर्वेने घरी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. अकरा वाजून बारा मिनिटं झाली होती. तिने आपली लाल छत्री राइवोच्या हातात कोंबली.

"अगं, तुझी माणसं?"

"तूच बघ त्यांचं. आणि राइवो, तुझ्या पाया पडते, त्यांना दार वाजवू देऊ नकोस."

"सहाशे माणसं आहेत, उर्वे. मी कुणाकुणाचा हात धरू?"

ट्राम मिळाली. जिन्यातच ओल्या चुन्याचा वास आला. घर गार पडलं होतं.

त्रीनूच्या खोलीचं दार बंद होतं. त्याच्या लाकडातून आवाज येत होता. तीन टकटक. मग तीन. हात वेगवेगळे होते, कुणाचा जड, कुणाचा हलका, लहान मुलाचा.

उर्वेने कडी ओढली.

दारामागे विटा होत्या. जुन्या, सांध्यात शेवाळ धरलेल्या. छातीच्या उंचीवर एक वीट नव्हती.

"त्रीनू! ये बाहेर, सोन्या. संपलं सगळं."

आत काहीतरी सरकलं. कुणी पुढे आलं नाही.

"त्रीनू, मी आहे गं, आई!" तिला रडू फुटलं. नखं मोडेपर्यंत तिने विटा ओढल्या. एकही हलली नाही.

मग ती थांबली. पिशवीत सकाळच्या डब्यातला काळ्या पावाचा तुकडा होता. दुसरं काय करावं ते सुचेना, म्हणून तिने तो फटीत ठेवला.

बराच वेळ तो तिथेच होता. मग कोपरापर्यंत पांढरा एक हात आला आणि त्याने पाव अलगद उचलला.

"बाबा आले की येईन मी," आतून त्रीनू म्हणाली, परक्या माणसाशी बोलावं तसं, हळू आणि नम्रपणे. "पावाबद्दल आभारी आहे, काकू."