निळ्या टेपचे डबे

"दीडशहाण्या, गिळू नकोस! आधी चव सांग!" खारू ओरडली.

सुट्टीतला सिनेमा, मध्यंतराची झुंबड आणि काउंटरवर नवी पाटी: 'जगभरचे पॉपकॉर्न'! मागे परदेशी डबे रांगेनं मांडलेले.

"जपानचं शेवाळवालं म्हणे! नुसतं खारट लोणी!" दीडशहाणा म्हणाला.

"माझं अमेरिकेचं, कॅरॅमेलचं. तेही खारट लोणी!" भोपळ्यानं तोंड वाकडं केलं. "इथल्या मशीनचंच आहे की रे!"

खारूनं मान उंचावून फळीवरच्या डब्यांकडे पाहिलं. कासवाचं चित्र असलेल्या डब्याला पोचा होता. तिनेच पाडलेला! प्रत्येक झाकणाला निळी टेप लोंबत होती.

"हे माझ्या बाबांचे डबे आहेत."

बाबा जहाजावर वायरमन. प्रत्येक बंदरातून पॉपकॉर्नचा एक डबा घ्यायचे, हवा लागू नये म्हणून वायरीची निळी टेप गुंडाळायचे. परकी अक्षरं वाचता येईनात, म्हणून खारूनं चित्रांवरूनच नावं ठेवली: नाचरं कासव, तीन टोप्या, मिशीवाला. शेवटचा लाल देवमासा टपालानं आला. "मी आलो की एकत्र फोडू," बाबा फोनवर म्हणाले होते.

जहाज परत आलं. बाबा नाहीत.

देवमासा तसाच बंद राहिला. मागच्या आठवड्यात काका घर आवरायला आले. "डबे माळ्यावर टाकलेत," म्हणाले.

माळ्यावर! देवमासा तर समोरच्या फळीवर होता.

"मागितले तरी मॅनेजर देणार नाही," भोपळ्या कुजबुजला.

"मागतंय कोण?" दीडशहाणा रांगेतल्या एका बाईंकडे वळला. "मावशी, डोळे मिटा! हे घ्या जपान, ही अमेरिका. ओळखा पाहू!"

मावशींनी चाखलं. "अरे, दोन्ही एकच!"

"ए कार्ट्यांनो, चालते व्हा!" मॅनेजर धावला.

"त्यांना काय दटावता? आम्हाला फसवता आणि वर तोरा!" मावशी कडाडल्या. रांग खवळली. मॅनेजरला घाम फुटला.

"डबे भंगारवाल्याकडून घेतले हो! रिकामेच होते. देवमासा तेवढा भरलेला होता, पण शिळा. ओतला कचऱ्यात."

कचऱ्यात.

गोंगाट ऐकून सिनेमागृहात बसलेले काका आणि आई बाहेर आले. मावशींनी सगळं सांगितलं. आईनं काकांकडे नुसतं पाहिलं. ते नजर चुकवत खारूची पाठ थोपटू लागले. "शाब्बास! काय डोकं चालवलंत पोरांनो!"

"शाबासकी नको, काका. डबे तुम्हीच भंगारात दिलेत. विचारायचं तरी होतंत!"

काकांचा हात तसाच थांबला. मॅनेजरनं निमूटपणे सगळे डबे खाली काढले. मावशी म्हणाल्या, "गुणाची गं पोर!" पण खारूचं लक्ष नव्हतं. देवमाशावरची टेप कापून तशीच सोडली होती. टेपच्या चिकट बाजूवर अंगठ्याचा ठसा होता. मोठा, रुंद.

तिनं तो आईला दाखवला. आई खाली फरशीवरच बसली. मग तिनं रिकाम्या डब्याचं झाकण लावलं आणि टेप पुन्हा गुंडाळली. घट्ट. हवा लागू नये म्हणून.