ऑडलिंगच्या गाडीला शेरा नाही

मार्चच्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी सव्वानऊला, मिस्टर ऑडलिंग आपली मोटारसायकल वार्षिक तपासणीसाठी ट्रेव्हर लेगटच्या गॅरेजात आणत. गेली एकोणीस वर्षं यात फरक पडला नव्हता. इंग्लंडातल्या लाउथ गावाला फरक न पडणाऱ्या गोष्टींचा अभिमान आहे. सेंट जेम्स चर्चचा सुळका, बुधवारचा बाजार, आणि वर्षाकाठी एकदा ऑडलिंग.

गॅरेज रिव्हरहेडला, बंद पडलेल्या कालव्याच्या काठी, जुन्या धान्यगोदामाच्या पोटात आहे. विटांना अजून ओल्या सातूचा वास येतो. त्यावर तेलाचा, रबराचा आणि दिवसभर उकळणाऱ्या किटलीचा. एका कोपऱ्यात ब्रेक तपासायचे रूळ, दुसऱ्यात हेडलाइटचा झोत मोजायचं यंत्र, आणि मधे ट्रेव्हर: वय चौसष्ट, उजव्या कानात यंत्र, कमरेला पट्टा. तपासनीस म्हणून त्याचा लौकिक असा, की सख्ख्या मेहुण्याची स्कूटर त्याने तीनदा नापास केली होती आणि तेव्हापासून नाताळचं जेवण दोन्ही घरी वेगवेगळं होत होतं. त्याला याची खंत नव्हती. मेहुण्याचा मागचा टायर गुळगुळीत होता.

जुन्या मोटारसायकलीच्या तपासणीचे निकाल तीन. पास, नापास, आणि पास पण शेऱ्यांसकट: 'चेन किंचित सैल', 'टायर झिजू लागला आहे', 'लक्ष ठेवावे'. पाच जुन्या गाड्या आल्या तर एक पहिल्या फेरीत नापास होते, तिघींना शेरे मिळतात, आणि पाचवीचा मालक आदल्या आठवड्यात गुपचूप सगळं बदलून आलेला असतो. तीस वर्षांत ट्रेव्हरने हे इतक्या वेळा पाहिलं होतं, की गाडी आत येण्याच्या आवाजावरून तो निकाल सांगे. म्हणजे ऐकू येत होतं तोपर्यंत.

ऑडलिंगची गाडी चाळिशीला टेकलेली, जपानी, साडेसातशे सीसीची. ते आठवड्यातून दोनदा ती समुद्रापर्यंत नेत. वर्षाला साडेतीन हजार मैल, आकडा दर वर्षी मीटरवर चढलेला. आणि एकोणीस तपासण्यांत एकही शेरा नाही. चेन ताणलेली, ब्रेकचे पॅड भरलेले, पुढच्या चाकाच्या दांड्यांवर तेलाचा ओघळ नाही. असल्या गाड्यांच्या इंजिनाखाली तेलाचा एक तरी थेंब लोंबत असतो. हिच्या खाली ट्रेव्हर कागद ठेवून पाही, कागद कोरा.

टायरवर बनावटीच्या आठवड्याचा छाप असतो. हिच्या टायरांवर तो तीन आकडी होता. तसा छाप मारणं शतक संपलं तेव्हाच बंद झालं. त्या जातीचा टायर सहा-सात हजार मैलांत संपतो. हे टायर साठ हजारांच्या पुढे गेले होते आणि खाच मोजली की दर वर्षी साडेचार मिलिमीटर.

"काही बदललंत का यंदा?" ट्रेव्हर विचारी.

"छे. लागलंच नाही काही," ऑडलिंग म्हणत.

ते बियाण्यांच्या दुकानातून निवृत्त झालेले, मऊ बोलणारे, वरच्या बटणापर्यंत कोट लावणारे गृहस्थ होते. एकच सवय जरा वेगळी. लाउथमध्ये 'कसा आहेस?' असं विचारतात ते उत्तरासाठी नव्हे. समोरच्याने 'ठीक' म्हणायचं आणि दोघांनी हवामानाकडे वळायचं. ऑडलिंग विचारून थांबत. खरोखर थांबत, मान तिरकी करून. मग ट्रेव्हरला काहीतरी सांगावंच लागे. पाठीचं सांगितलं, की ते हळहळत आणि म्हणत, "अरेरे. आणि गुडघे? गुडघे बरे आहेत ना अजून?"

यंदा ट्रेव्हर मेमध्ये निवृत्त होणार होता. गॅरेज मुलगी चालवणार होती. ब्रायोनी एकोणतीस वर्षांची. हिवाळ्यात तपासनीसाची परीक्षा पहिल्याच फटक्यात पास झालेली. ती रूळांवर गाडी चढवताना मोठ्याने गात असे आणि ट्रेव्हरला ते ऐकू येत नसे, हे दोघांच्याही सोयीचं होतं.

फेब्रुवारीत निवृत्तीच्या विम्याचा एक अर्ज आला. कोणता आजार कोणत्या साली, सगळं तारखेनिशी. ट्रेव्हर गॅरेजातल्या संगणकासमोर बसून हॉस्पिटलची पत्रं लावत होता. पडद्यावर मार्चच्या नोंदणीसाठी उघडलेला ऑडलिंगच्या गाडीचा इतिहास होता. त्याने मुद्दाम काही केलं नाही. नजर डावीकडून उजवीकडे गेली, इतकंच.

पहिली तपासणी मार्चमध्ये. त्या मेमध्ये त्याचा मणका सरकला होता. ज्या वर्षी हॅंडलच्या बेअरिंगने खरं तर करकरायला हवं होतं, त्या वर्षी मान. मग कान, दोन्ही. मग दोन्ही गुडघे, पाणी काढावं लागलं. हेडलाइटची काच अशा गाड्यांत धुरकट होतेच. हिची लखलखीत होती, आणि त्या उन्हाळ्यात त्याच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू. गेल्या मार्चमध्ये त्याने इंजिनाखालचा कोरा कागद उचलला होता. जूनमध्ये हृदयाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "झडप थोडी गळते आहे. आत्ता काही करायला नको. लक्ष ठेवू."

शेराच होता तो. शब्दसुद्धा तेच.

चौसष्टाव्या वर्षी माणसाला पाठ, कान आणि गुडघे यांच्या तक्रारी असतात, हे ट्रेव्हरला ठाऊक होतं. एकोणीस तारखांना एकोणीस तारखा जुळवायला बसलं तर काहीही जुळतं. त्याने स्वतःला हे नीट समजावलं, आणि मग मेहुण्याच्या स्कूटरचा इतिहास काढून तोही पत्रांशी ताडून पाहिला. जुळला नाही. आणखी सहा गाड्या घेतल्या. एकही जुळली नाही.

चाळीस वर्षं भरलेल्या गाडीला कायद्याने तपासणी लागत नाही. ऑडलिंगची जूनमध्ये भरत होती. म्हणजे ही एकच तपासणी उरली होती, आणि दाखल्यावर कुणाचं तरी नाव येणार होतं. ट्रेव्हरचं, नाहीतर ब्रायोनीचं.

"ऑडलिंगच्या गाडीला तू हात लावायचा नाहीस," त्याने तिला सांगितलं.

"का? सोन्याची आहे?"

"मी सांगतो म्हणून."

"तुझी लाडकी आहे ती, डॅड. कबूल कर. शेवटचा नाच तुलाच हवाय."

त्याने कबूल केलं. दुसरं बोलणार काय? लाउथमध्ये माणूस मुलीला असलं सांगत नाही; सांगितलं तर मुलगी आईला फोन करते आणि आई डॉक्टरला.

मंगळवारी सव्वानऊला गाडी आली.

"कसा आहेस, ट्रेव्हर?" ऑडलिंगनी विचारलं आणि मान तिरकी केली.

"उत्तम. कधी नव्हे इतका."

"हो?" ऑडलिंग म्हणाले. जरा वेळाने म्हणाले, "छान."

ट्रेव्हरने तासभर लावला. प्रत्येक नट चाचपला. चाकं फिरवली, चेन ओढली, मान मोडेस्तोवर वाकून कागद पाहिला. काही नव्हतं. टायर साडेचार मिलिमीटर. हेडलाइटचा झोत यंत्रातल्या रेघेवर असा बसला, की शिकाऊ लोकांना दाखवायला ठेवावा.

मग तो संगणकापाशी गेला आणि तीस वर्षांत पहिल्यांदा खोटं लिहिलं. 'हेडलाइटचा झोत फार वर. नापास.'

बटण दाबताना त्याचे कान तापले.

ऑडलिंगनी कागद वाचला. चिडले नाहीत. दोनदा घडी घालून कोटाच्या खिशात ठेवला.

"एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच," ते म्हणाले.

"गाडी जुनी झाली, मिस्टर ऑडलिंग."

"तेही खरंच. कुणाला तरी जुनं व्हायलाच हवं."

त्या रात्री ट्रेव्हर गाढ झोपला. सकाळी पाठ दुखत होती, पण रोजच्यासारखीच. बुधवारी काही झालं नाही. गुरुवारी कानाचं यंत्र तपासायला तो ग्रिम्सबीला गेला आणि संध्याकाळी परतला. ब्रायोनी गॅरेज बंद करून निघून गेली होती. किटलीशेजारी चिठ्ठी होती: 'सगळं ठीक. रविवारी जेवायला येते. तुझ्यावर उपकार केलेत, सांगेन.'

रविवारी दुपारी ट्रेव्हरच्या बायकोने, ग्लेनिसने, बटाटे भट्टीत टाकले आणि ब्रायोनी कोट काढता काढताच सांगू लागली.

"गुरुवारी ऑडलिंग आले होते."

ट्रेव्हरच्या हातात काटे-सुऱ्या होत्या.

"बिचारे तक्रार करायला नव्हते आले हं. म्हणाले, चूक कुणाच्याही हातून होते, ट्रेव्हरचं वय झालंय. पण दाद मागायची तर सरकारी माणूस येणार ना, डॅड? आणि तो झोत मी यंत्रावर घेतला. तंतोतंत! तू काय पाहिलंस कोण जाणे. सरकारी माणसाने ते पाहिलं असतं तर निवृत्तीच्या दोन महिने आधी तुझ्या नावावर ठपका. तीस वर्षांत एक नाही, आणि आता?"

"तू हात लावलास?"

"फेरतपासणीत नुसता हेडलाइट पाहिला तरी चाललं असतं. पण म्हटलं, अर्धवट कशाला? सगळीच नव्याने करते, म्हणजे कुणाला बोट ठेवायला जागा नको. तासभर लागला. कसली गाडी आहे, डॅड! एक शेरा सापडला नाही."

"नाव कुणाचं घातलंस?"

"माझं. मीच केली ना?" ती हसली. "तुझा मोतीबिंदू परत आलाय बहुतेक. दाखवून घे."

ट्रेव्हरने काटे-सुऱ्या टेबलावर मांडल्या. चार ठेवल्या, मग एक उचलली.

"आणि पुढच्या मार्चचं नाव नोंदवून गेले," ब्रायोनी म्हणाली. "मी सांगितलं, अहो, आता तपासणी लागणार नाही तुम्हाला. तर म्हणाले, कायद्याला नसेल लागत. मला लागते. तरुण मुलगी आहेस, पुष्कळ वर्षं येईन म्हणतो."

ग्लेनिसने तिला आत हाक मारली. ती गेली.

ट्रेव्हर हात धुवायला वर गेला. कान सकाळपासून खाजत होता, म्हणून त्याने यंत्र काढून बेसिनच्या कडेला ठेवलं, नळ सोडला आणि बंद केला.

नळ थेंब थेंब गळत होता. टप. टप. त्याने यंत्राकडे पाहिलं. ते कडेवरच होतं.

बाहेर कुठेतरी पारवा घुमत होता. शेजारच्या घरात रेडिओ होता, फुटबॉलचं समालोचन, त्यातला शब्द अन् शब्द.

तो खाली वाकला आणि सरळ झाला. पाठीत काही झालं नाही.

तो जिन्याच्या माथ्यावर येऊन उभा राहिला. खाली स्वयंपाकघराचं दार लोटलेलं होतं. भट्टीतली चरबी तडतडत होती. ग्लेनिस सांगत होती, की ग्रेव्ही ढवळत राहा, गुठळ्या होतील. ती तिच्या नेहमीच्या आवाजात बोलत होती.

"काय?" ब्रायोनीने विचारलं.

ग्लेनिसने पुन्हा सांगितलं.

"मॉम, तोंडातल्या तोंडात नको बोलूस," ब्रायोनी म्हणाली. "या बाजूला ये आणि सांग."